वर्षीतप आणि ट्राउट मासा

धरणगावात ट्राउट मासा मिळत नाही. तो डोंगरातल्या थंडगार वाहत्या पाण्यात राहतो, आणि आमच्याकडे चैत्रात नळाला जे पाणी येतं त्यात नुसती साखर-पत्ती टाकली तरी चहा होतो. असं असूनही मागचं अख्खं वर्ष मी दर रविवारी सकाळी गिरणेच्या पात्रात उभा राहून ट्राउट पकडण्याचा सराव करत होतो. (सराव हं! पकडत होतो असं मी म्हटलेलं नाही.)

त्यात मी जैन. मारवाडी जैन. आमचे पणजोबा राजस्थानातून खान्देशात आले ते कापसाच्या व्यापाराला. पुढे वाटण्या होत होत माझ्या वाट्याला कापसाऐवजी त्याचा दोरा आला. बाजारपेठेत माझं मॅचिंग सेंटर आहे. फॉल, अस्तर, लेस, गोंडे, लटकन, ब्लाउजपीस. आमच्या घरात कांदा-बटाटासुद्धा येत नाही, तिथे मासे पकडायची काठी आली. ती कशी आली ते सांगतो, आणि त्यात चूक माझी नसून माझ्या धंद्याची आहे हेही सांगतो.

झालं असं, की गेल्याच्या गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी मी आणि सुशीला (माझी बायको) हिमाचलात फिरायला गेलो. नदीकाठी एका घरात उतरलो होतो. घराचे मालक ठाकूरसाहेब. निवृत्त मास्तर, डोक्यावर कायम गोल टोपी, नाकावर भिंग. पडवीत बसून ते चिमट्यात काहीतरी धरून त्यावर दोरा गुंडाळत होते. दोरा दिसला की माझे पाय थांबतात.

"क्या बना रहे हो, साहेब?"

"मक्खी."

"क्यूं? असली कम पड़ती हैं क्या?"

ठाकूरसाहेब हसले आणि मला समोर बसवून त्यांनी धडा सुरू केला. वसंतात, डोंगरावरचं बर्फ पूर्ण वितळून नदी गढूळ होण्याआधी, काही दिवस पाणी नितळ असतं. दुपारी ऊन तापलं की पाण्यातून बारीक किडे वर येतात. त्या दिवशी ज्या रंगाचा किडा उडतो, ट्राउट फक्त तोच खातो. म्हणून तशाच रंगाची खोटी माशी बनवायची, आकड्याला बांधायची, आणि लांब दोरीनं हवेत फिरवून अलगद पाण्यावर टेकवायची. "रंग ज़रा भी इधर-उधर हुआ ना सेठजी, तो मछली देखेगी, और मुँह फेर लेगी."

मी ताडकन उठून उभाच राहिलो. अहो, असल्याच गिऱ्हाइकांत माझा जन्म गेला! बाईंना रामा रंग हवा असतो, आपण चुकून मोरपंखी पुढे केला की मान दुसऱ्या दुकानाकडे वळते. म्हणजे हा मासेमारीचा नव्हे, मॅचिंगचा धंदा होता. मी त्यांच्या हातातली माशी उन्हात धरून पाहिली आणि म्हणालो, "साहेब, ये भूरा थोड़ा ज्यादा हो गया. इसमें एक धागा राखाडी पाहिजे."

त्यांनी नदीवरून एक खरा किडा आणून शेजारी ठेवला. भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग उठून मला मिठी मारली.

त्या दिवसापासून मी त्यांचा शिष्य झालो, तोही चोरून: दुपारी सुशीला खोलीत जपाला बसली की आम्ही दोघं नदीवर. माशी बांधण्यात मी वाकबगार निघालो. फेकण्यात मात्र आनंदीआनंद होता. पहिल्या फेकीत गुरुजींची टोपी आली. दुसऱ्या फेकीत सुशीलानं बाहेर वाळत घातलेली शाल. तिसऱ्या फेकीला काठावरची गाय स्वतःहून लांब जाऊन उभी राहिली. मग गुरुजींनी स्वतः एक ट्राउट पकडला, मला दाखवला, त्याच्याकडे प्रेमानं पाहिलं, आणि पुन्हा पाण्यात सोडून दिला.

"सोड दिया?"

"छोड़ने के लिए ही तो पकड़ते हैं, सेठजी!"

माल परतच करायचा असेल तर पाकीट फोडायचं कशाला, हा माझा दुकानदारी प्रश्न. शिवाय त्या बिचाऱ्याच्या ओठाला आकडा लागतो, ते मला बघवेना. म्हणून मी माझ्यापुरता तोडगा काढला. पकडीनं आकड्याची नोकच छाटून टाकायची! मासा येईल, माशी चाखेल, आवडली नाही की थुंकेल आणि घरी जाईल. हिंसा नाही, नुकसान नाही, दोन्ही पक्ष खूश. पिसं वापरायचाही प्रश्न नव्हता. लोकर, जर आणि सुती दोरा. शुद्ध शाकाहारी माशी!

निघताना, सुशीला गाडीत जाऊन बसल्यावर, गुरुजींनी त्यांची जुनी काठी मला भेट दिली. तुकडे करून ठेवायची घडीची काठी होती. कापडाचा तागा ज्या पुठ्ठ्याच्या नळीवर येतो ना, तशा नळीत ती बरोब्बर बसली. घरी कोणी विचारलं नाही. आमच्या घरात तशा नळ्या सगळीकडे उभ्या असतात.

आम्ही परतलो आणि सुशीलानं वर्षीतप सुरू केलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एक दिवस कडकडीत उपवास, त्यात फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्य मावळेपर्यंत. दुसऱ्या दिवशी जेवण. तिसऱ्या दिवशी पुन्हा उपवास. असं वर्षभर, वर आणखी काही दिवस. शेवटी अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या खान्देशातल्या आखाजीला, उसाच्या रसानं पारणं. मी हे लिहितोय तेवढ्यानंच मला भूक लागली आहे. रविवारी पोहे यायला उशीर झाला तर मी भिंतीला धरून चालणारा माणूस! सुशीला मात्र हसतमुखानं गल्ल्यावर बसायची, गिऱ्हाइकाला चहा पाजायची आणि स्वतः पाण्याचा घोटही मोजून घ्यायची. मला तिचा फार अभिमान वाटायचा, आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही.

तिनं बदल्यात एकच गोष्ट मागितली होती. "पारण्याचा पहिला रस मी तुमच्याच हातून घेणार," ती म्हणाली. "माहेरची माणसं कितीही म्हणोत." (घरात आम्ही मारवाडी बोलतो. सगळं मराठीत देतोय ते वाचकांच्या सोयीसाठी. मूळ भाषेत माझी आणखी जास्त खरडपट्टी निघालेली आहे.) मी छातीवर हात ठेवून हो म्हणालो.

आणि दर रविवारी उजाडताच नळी स्कूटरला आडवी बांधून गिरणेवर जाऊ लागलो. धरणातून पाणी सोडलं असेल तर पात्रात बऱ्यापैकी धार असायची, एरवी वाळू आणि मधेमधे डबकी. मी पँट गुडघ्यापर्यंत वर करून उभा राहायचो आणि फेकायचो. गिरणेत ट्राउट नाही हे मला माहीत होतं. गिरणेतल्या माशांनाही ते माहीत असावं, कारण ते माझ्या माशीकडे ढुंकून बघेनात. माझी दोरी मागे जायची ती थेट बाभळीत. काठावर सखुअक्का बकऱ्या चारायची. ती पलीकडच्या वाडीतली, माझं जुनं गिऱ्हाईक.

"काय करी ऱ्हायनात शेठजी?"

"काही नाही अक्का, दोऱ्याचा रंग पक्का आहे का ते बघतोय."

"मंग दुकानमा पानी नही का?"

मी पुन्हा दोरी फेकायचो, ती पुन्हा बाभळीत. अक्का हसत हसत बाभळीत हात घालून माझी दोरी सोडवून द्यायची.

तिकडे गुरुजींचा दर रविवारी व्हिडिओ कॉल यायचा. शिष्याची प्रगती पाहायची म्हणून.

"पानी कैसा है, सेठजी?"

"गरम."

"कितना गरम?"

"मूग शिज जाएंगे." (आमच्यात अंड्याचं उदाहरण चालत नाही.)

"हवा?"

"लू."

"बर्फ़ पिघली?"

"साहेब, इधर बर्फ का गोलेवाला भी दोपहर में आता है."

गुरुजी गंभीरपणे मान हलवायचे. मग तो प्रश्न यायचा. "मिली कुछ?"

आता एवढ्या प्रेमानं काठी देणाऱ्या माणसाला, तोही दुसऱ्यांदा चष्मा पुसून विचारतोय, त्याला नाही कसं म्हणायचं? "मिली ना!" मी म्हणालो. "कितनी बड़ी?" मी दोन्ही हात पसरले. हातातला मोबाइल वाळूत पडला. गुरुजींना वाटलं, माशाच्या आकारामुळेच पडला. "शाबाश!" असा आवाज वाळूतून ऐकू आला. एकदा सुरुवात झाल्यावर मासा लहान करणं जमेना. संक्रांतीपर्यंत माझे मासे दोन किलोंच्या पुढे गेले होते.

आणि घरी? घरी मी एक अक्षर खोटं बोललो नाही! सुशीलानं विचारलं, "रविवारी कुठे जाता?"

"नदीवर."

"काय करता?"

"उभा राहतो."

"नुसतेच?"

"नुसताच. हालचाल करायची नाही, श्वाससुद्धा हळू घ्यायचा, नजर एका जागी. अंगावर माशी बसली तरी उडवायची नाही."

सुशीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. "कायोत्सर्ग!" ती पुटपुटली. देहाचं भान सोडून निश्चल उभं राहून करायचं ध्यान म्हणजे कायोत्सर्ग. मोठमोठ्या साधकांना जमत नाही. मी तोंड उघडलं, पण दोन जेवणांच्या मधल्या उपवासात असलेल्या बाईचा तो आनंदी चेहरा पाहून ते पुन्हा मिटलं. तिनं त्याच दिवशी भुसावळला माहेरी फोन केला.

तिचे थोरले बंधू म्हणजे भुसावळचे मामासा. मुलांचे मामा म्हणून आम्ही सगळेच त्यांना मामासा म्हणतो. अत्यंत कडक माणूस. पाणी गाळून पितात आणि गाळणं कोणी धुतलं याचीही चौकशी करतात. लग्न झाल्यापासून त्यांनी माझ्याकडे कधी धड पाहिलेलं नव्हतं. त्यांचा मला फोन आला. आवाज भरून आलेला.

"जवाईसा, मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं."

"मामासा, तसं काही नाही हो..."

"बघा! केवढी नम्रता! पारण्याच्या दिवशी सुशीलाबरोबर आपल्या जैन संघातर्फे तुमचाही सत्कार करायचा. मी बोलून घेतलंय सगळ्यांशी."

मी नको नको म्हणालो. जितक्यांदा नको म्हणालो तितकी माझी नम्रता भुसावळ ते धरणगाव पसरत गेली. शेवटी मी नको म्हणणंच बंद केलं.

पारण्याची पत्रिका मी मोबाइलमधल्या सगळ्या नंबरांना एकदम पाठवली. दोऱ्याच्या कंपन्यांचे एजंट, शिंपी, गॅसवाला, सगळ्यांना. थोड्या वेळानं ठाकूरसाहेबांचं उत्तर आलं, "ज़रूर आऊँगा." एवढ्या लांबून कोण येतं? मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि विसरून गेलो.

आखाजी उजाडली. सकाळपासून उन्हानं डोळे दिपत होते. खेड्यांतून माहेरवाशिणी आलेल्या, झाडांना झोके बांधलेले, त्यात आमची मिरवणूक. बँड, पुढे सजवलेल्या बग्गीत तपस्वी सुशीला, मागे नव्या साड्यांत साऱ्या बायका. मी उसाचा रस स्वतः उभं राहून काढून, गाळून, मंडपात झाकून ठेवून आलो. त्यामुळे मिरवणुकीत मागून शिरलो आणि बायकांच्या पाठीमागे चालू लागलो. माझी नजर सवयीनं ब्लाउजवर गेली. (धंद्याची नजर! मॅचिंग बघत होतो.) मामासांच्या बायकोच्या, म्हणजे मामीसांच्या पाठीवर, ब्लाउजच्या नाडीला, लटकन म्हणून माझी भुरी माशी लटकत होती.

मी डोळे चोळले. शेजारच्या वहिनींच्या पाठीवर पिवळी होती. त्यांच्या सुनेच्या पाठीवर हिरवी, जरीच्या पोटाची, ती बांधायला मला अख्खा दिवाळीचा पाडवा लागला होता. पुढे बघावं तिकडे, नाडीनाडीला जोडीनं माझं वर्षभराचं काम झुलत चाललं होतं!

मी धावत बग्गी गाठली. "सुशीला! हे लटकन कुठून आले?"

"तुमच्या खालच्या ड्रॉवरमधून," ती लाजत म्हणाली. "इतका नाजूक माल! पारण्याला वाटायचा म्हणून लपवून ठेवला होतात ना? वर शिवायला कडीसुद्धा आहे. काल सगळ्यांना जोडी जोडी देऊन टाकली."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. लई आवडले हो. मामीसा म्हणाल्या, मुंबईत असे मिळत नाहीत."

मी मनाला समजावलं. घाबरायचं काय त्यात? धरणगावात या वस्तूला माशी म्हणून ओळखणारा जन्माला आलेला नाही. ओळखणारा एकच माणूस, आणि तो हिमाचलात. इतक्यात समोर रिक्षा थांबली आणि तिच्यातून गोल टोपी उतरली.

गुरुजींनी मला पाहिलंच नाही. त्यांचं लक्ष थेट मामीसांच्या पाठीकडे गेलं. त्यांनी खिशातून भिंग काढलं, नाकावर चढवलं आणि कमरेत वाकून मामीसांच्या मागोमाग चालू लागले. "वाह!" ते म्हणाले. मग वहिनींच्या मागे. "क्या बात है!" मग सुनेच्या मागे. "हरी वाली! ओहोहो!" एक अनोळखी इसम भरदिवसा, बँडच्या तालावर, संघातल्या बायकांच्या पाठी भिंगातून न्याहाळत चाललाय, हे मामासांनी पाहिलं. पुढच्या क्षणाला गुरुजींची कॉलर त्यांच्या मुठीत होती.

"काय चाललंय हे?"

"मैं तो बस देख रहा था जी..."

"ते दिसलं आम्हाला!"

मी मधे पडलो. "मामासा, सोडा, सोडा! माझ्या ओळखीचे आहेत. हिमाचलातून आलेत, पारण्यासाठी!"

"सेठजी को नदी में खड़ा रहना मैंने ही तो सिखाया है," गुरुजी दम लागलेल्या आवाजात म्हणाले.

बँड थांबला. मामासांची मूठ सुटली. कॉलरवरचा हात खाली खाली जात गुरुजींच्या पायांवर टेकला. "क्षमा करा, महाराज," ते म्हणाले, "आम्ही ओळखलं नाही. आमच्या जवाईसांना कायोत्सर्गाची दीक्षा देणारे तुम्ही!" आणि मी काही बोलायच्या आत लोकांनी ठाकूरसाहेबांना उचलल्यासारखं करून मंडपात नेलं, गादीवर बसवलं, गळ्यात हार घातला. पहाडात पाहुणचार मोठा असतो, पण इतका नाही, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मंडप गच्च भरला. सुशीला पाटावर बसली. समोर रसाचा हंडा, माझ्या हातात चांदीची लोटी. मी घाई करत होतो. "चला, रस देऊ या, ऊन वाढतंय." पण मामासांनी माइक हातात घेतला होता. "आधी गुरूंचे दोन शब्द," ते म्हणाले. "जवाईसा रविवारी जी साधना करतात, ती नेमकी कशी असते, हे सगळ्यांना कळू द्या."

"मामासा, त्यांना बोलायची सवय नाही..."

"मैं मास्टर था जी, आदत कैसे नहीं!" असं म्हणत गुरुजींनी माइक घेतला.

"पहले," ते शांत आवाजात म्हणाले, "ठंडे पानी में उतरो. धीरे. पानी को पता न चले." बायकांनी पोरांना गप्प केलं. "फिर खड़े रहो. हिलना नहीं. साँस हल्की. नज़र पानी पर, और मन में कोई विचार नहीं." माना डोलल्या. मामासांनी डोळे मिटले. "घंटों निकल जाते हैं. भूख नहीं, प्यास नहीं. मैं कौन हूँ, यह भी भूल जाते हो." मागे कोणीतरी डोळे पुसले. "और जब तुम पूरे शांत हो जाते हो..." गुरुजी थांबले. सगळा मंडप पुढे वाकला. मी लोटी घट्ट धरली.

"...तब मछली आती है."

मामासांनी एक डोळा उघडला. "कोण येते?"

"मछली! ट्राउट! फिर झटका दो, और पकड़ लो!" गुरुजींनी हारासकट असा काही झटका मारला, की पहिल्या रांगेतली माणसं मागे सरकली.

मामासा माझ्याकडे वळले. "जवाईसा, हे खरं?"

मी हातातल्या लोटीकडे पाहू लागलो. गुरुजींना वाटलं, लोक त्यांच्या शिष्याच्या कर्तबगारीवर शंका घेताहेत. ते खवळले. "शक मत कीजिए! ये बहुत बड़े शिकारी हैं! दो-दो किलो की पकड़ी हैं इन्होंने! ये जो माताजी लोगों ने पीठ पर लटकाई हैं, इन्हीं मक्खियों से!"

मंडपातल्या प्रत्येक बाईचा हात एकाच वेळी पाठीमागे गेला.

मामासांनी पुढे येऊन माझ्या हातातून लोटी काढून घेतली. रागानं नव्हे, अगदी हळू. "सुशीलाला पहिला रस मी देईन," ते म्हणाले. मी सुशीलाकडे पाहिलं. ती चिडलेली नव्हती, ती घाबरली होती. वर्षभर एवढं तप केलं, आणि शेवटच्या दिवशी नवरा असा निघाला, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं. मला गलबलून आलं. त्या क्षणी मला हिमाचल नको होतं, गिरणा नको होती, काठी तर अजिबात नको होती. फक्त ती लोटी परत हवी होती.

मी माइक ओढून घेतला आणि ओरडलो, "मी जन्मात एकही मासा पकडलेला नाही!"

"झूठ!" गुरुजी उठले. "सेठजी, डरो मत! सच बोलो!"

"सच ही बोल रहा हूँ, साहेब. मामीसा, कृपा करून पाठ करा इकडे. साहेब, भिंग लावा. मक्खी की नोक देखो."

मामीसा लाजत वळल्या. यावेळी भिंग लावायला मामासांचीही परवानगी होती. गुरुजींनी पाहिलं. दुसरी माशी पाहिली. तिसरी पाहिली. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"नोक कहाँ है?"

"काट दी. पहले दिन से. पकडीनं."

"बिना नोक के मछली पकड़ी कैसे?"

"नहीं पकड़ी."

"वो दो किलो वाली?"

"नव्हती."

"वो जिसमें फोन गिर गया था?"

"फोन खरा होता, साहेब. मछली नव्हती."

गुरुजी गादीवर मटकन बसले. मामासा मात्र अजून लोटी सोडेनात. "आता खरं बोलताय की तेव्हा खरं बोलत होतात, कसं समजायचं?" त्यांचंही बरोबर होतं. इतक्यात मंडपाच्या टोकाकडून आवाज आला. सुशीलानं सखुअक्काला आखाजीचं लुगडं द्यायला बोलावलं होतं. ती कधीची उभी होती.

"ओ भाऊ, हाऊ माणूस मासा धरी का? मी बठ्ठं देखेल शे! दर रविवारले येस, दोरी फेकस, नि ती बाभूयमा अटकस. मीच सोडाई देस. मासा त्याले भीत नहीत, त्याना पायजवय येवून बठतस!" मग तिनं आठवून जोड दिली. "एक डाव मनी बकरी धरी व्हती त्यानी. तीबी चुकीसन!"

पहिल्यांदा मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग एकेक जण उभा राहून माझ्या बाजूनं साक्ष देऊ लागला. शेजारी म्हणाले, याला घरातली पाल हाकलता येत नाही, आम्हाला बोलावतो. वहिनी म्हणाल्या, संक्रांतीला पतंगाची दोरी सोडवायला गेले आणि स्वतःच अडकले. मामीसासुद्धा म्हणाल्या, "लग्नात यांना सुपारी झेलता आली नव्हती, आठवतंय ना?" माझा असा उद्धार त्या मंडपात आजवर कोणाचा झाला नसेल, आणि प्रत्येक वाक्यागणिक माझी अब्रू वाढत चालली होती!

सगळ्यात शेवटी सुशीला हसली. वर्षभराच्या उपवासानंतरचं ते हसू, सुरुवातीला नुसते खांदे हलत होते, मग ती पाटावर एका हातानं टेकली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिली. "दादा," ती मामासांना म्हणाली, "द्या ती लोटी त्यांना. बकरी चुकीसन धरणाऱ्या माणसाच्या हातून पाप व्हायला किती वर्षं लागतील!"

मामासांच्या ओठांचा कोपरा हलला. (मी पहिल्यांदाच पाहिला तो हलताना.) त्यांनी लोटी माझ्या हातात ठेवली. नदीवरच्यासारखा माझा नेम इथेही चुकला, अर्धा रस पाटावर गेला. "सरळ धरा," सुशीला हळूच म्हणाली, "तोंड समोरच आहे." तिनं पहिला घोट घेतला, बँड वाजला, आणि मला भर मंडपात रडू आलं. कोणी हसलं नाही, किंवा हसलं असेल तर मला ऐकू आलं नाही.

ठाकूरसाहेबांचा राग उसाच्या रसाच्या तिसऱ्या ग्लासाला उतरला. त्यांनी वहिनींच्या सुनेकडून हिरवी माशी मागून घेतली, उन्हात धरली आणि सुस्कारा सोडून म्हणाले, "रंग मगर लाजवाब है." त्यावर मी लगेच सांगून टाकलं की दुकानात आणखी छटा आहेत.

सत्कार रद्द होईल अशी माझी आशा होती. पण शाल आणलेली, नारळ आणलेला, मारवाडी माणूस आणलेली वस्तू वाया घालवत नाही. मामासांनी माझ्या खांद्यांवर शाल घातली आणि माइकवर घसा खाकरून म्हणाले, "वर्षभर इतक्या चिकाटीनं प्रयत्न करूनसुद्धा ज्यांच्याकडून एकाही जिवाचं वाकडं होऊ शकलं नाही, असे आमचे जवाईसा!" टाळ्यांनी मंडप दणाणला. दोघांना एकाच मापाची शाल मिळाली. त्या शालीसाठी सुशीलाला वर्षभर उपाशी राहावं लागलं. माझं आपलं नुसतं माझ्यासारखं राहून भागलं!